मटणाच्या जागी मासे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ४४, वजन ७५ किलो, राहणार कोल्हापूर. परवाच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२ आलं. डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलंय. बायकोचं माहेर देवगडचं, त्यामुळे घरात मासे होतात आणि सगळ्यांना आवडतात. मटण-चिकन बाजूला ठेवून मासे हेच मुख्य प्रथिन धरलं तर चालेल का? रोज मासे उष्ण पडतात, असं आई म्हणते. माशातला पारा आणि मासा टिकवायला लावतात त्या फॉर्मेलिन रसायनाबद्दलही ऐकलंय. घरात दोन मुलं आहेत."

चालेल. आठवड्यातून चार दिवस मासे खा, निर्धास्त खा. पण माझ्याकडे असे कितीतरी लोक येतात, ज्यांनी मटण सोडून मासे धरले आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट जिथल्या तिथे. मी २३ वर्षं कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माहेर रत्नागिरीकडचं, सासर इथलं. त्यामुळे दोन्हीकडचं ताट मला आतून माहीत आहे. रिपोर्ट न हलणाऱ्यांना मी एकच विचारते, काल नक्की काय जेवलात ते सांगा. उत्तर बहुतेक वेळा असं असतं: रवा लावून तेलात सोडलेल्या सुरमईच्या दोन तुकड्या, भरपूर भात, वर सोलकढी. आमटी नाही, कारण "आज मासे होते ना". म्हणजे मटण गेलं ते गेलंच, जाताना डाळही घेऊन गेलं, आणि तेल मात्र वाढलं.

तेव्हा "मासे चांगले का?" एवढ्या प्रश्नाला उत्तर नाही. कोणता मासा, तो घाट चढून तुमच्यापर्यंत कसा पोहोचला आणि घरात कशात शिजला, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं.

आधी प्रथिनांचा हिशेब मांडू, कारण तो सोपा आहे आणि लोक तो कधी करत नाहीत. कच्च्या माशाच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात. मटणात जवळपास तेवढीच, चिकनच्या छातीच्या भागात थोडी जास्त. ओला बोंबील मात्र निम्म्यावर येतो, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं. माशाचं प्रथिन उत्तम प्रतीचं असतं, शरीराला लागणारी सगळी अत्यावश्यक अमिनो आम्लं त्यात असतात, आणि त्यातले स्नायूंचे धागे आखूड व त्यांना जोडणारे पडदे नाजूक असल्याने ते पचायला मटणापेक्षा हलकं जातं. म्हाताऱ्या माणसांना, आजारातून उठलेल्यांना मी मासा पहिल्यांदा सुचवते तो याचमुळे.

आपल्या देशाच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचं वजन ७५, म्हणजे ६२ ग्रॅमच्या आसपास. आता मध्यम आकाराचा एक बांगडा घ्या. डोकं, आतडी, काटा जाऊन हाताला ८०-९० ग्रॅम मांस लागतं, म्हणजे १६-१७ ग्रॅम प्रथिनं. दोन बांगड्यांत ३३ झाली. ज्वारीच्या दोन भाकरी १२, दोन वाट्या आमटी १३, एक पेला दूध ६-७. बेरीज ६५च्या घरात जाते. पाव किलोभर मासा एका बैठकीत संपवायची गरजच नाही. दोन बांगडे, एक दुपारी आणि एक रात्री, हे पुरेसं आहे. उरलेलं काम भाकरी आणि आमटी करतात, आणि त्यांना ते करू द्या.

इथे कोल्हापूरकरांना एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे जेवण रश्श्यावर होतं. तांबडा-पांढरा चार वाट्या प्यायचा आणि फोडी दोनच घ्यायच्या, अशी कित्येक घरं मी पाहिली आहेत. तीच सवय माशाच्या कालवणालाही लागते. रश्श्यात चव असते, मसाला असतो, मीठ आणि तेल असतं. प्रथिनं फोडीत असतात, तुकडीत असतात. घरातल्या बाईच्या वाट्याला तर पुष्कळदा शेपटीचा तुकडा आणि रस्साच येतो. तुमच्या घरात असं होत असेल, तर ते आधी बदला.

आता चरबी, कारण तुमचा खरा प्रश्न एलडीएलचा आहे. मटणाची चरबी थंड झाली की भांड्याच्या कडेला पांढरी घट्ट बसते. ती संपृक्त चरबी. एलडीएल वाढवणाऱ्यांत तिचा नंबर वरचा. बांगड्याच्या कालवणावरचं तेल गार झालं तरी तसं गोठत नाही. त्या तेलात ओमेगा-३ प्रकारची ईपीए आणि डीएचए ही स्निग्धाम्लं असतात. ती आपलं शरीर स्वतः फारशी बनवू शकत नाही. जवस आणि अक्रोडातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं. त्यातला अगदी थोडा भाग शरीर ईपीए-डीएचएमध्ये बदलतं. म्हणून जवसाची चटणी जरूर खा, पण ती बांगड्याची जागा घेत नाही.

आणि सगळे मासे या बाबतीत सारखे नाहीत. तारली, पेडवे, बांगडा हे तेलकट मासे. ओमेगा-३ खरं त्यांच्यात. चांगल्या मोसमातल्या तारलीच्या १०० ग्रॅममध्ये ईपीए-डीएचए मिळून एक ग्रॅमच्या आसपास मिळतं, आणि दिवसाची सरासरी गरज पाव ते अर्धा ग्रॅम धरली जाते. आठवड्यात दोन-तीन वेळा तारली किंवा बांगडा खाल्ला की तो हिशेब सुटतो. पापलेट आणि रोहू प्रथिनांना चांगले, पण ओमेगा-३ साठी तारलीच्या पासंगाला पुरणार नाहीत. पाहुणे आले की आपण पापलेट आणतो, कारण ते महाग आणि देखणं. हृदयासाठी मासा आणायचा असेल तर जो वाट्यावर विकला जातो, ज्याला काटे जास्त म्हणून शहरी माणूस नाक मुरडतो, तोच आणा.

पुरावा किती पक्का आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते, कारण या विषयात अतिशयोक्ती फार होते. १९७०च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या दोन डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इन्यूट लोकांचं रक्त तपासलं आणि सागरी चरबी व हृदयरोग यांच्या संबंधाची चर्चा जगभर सुरू झाली. पुढे माशाच्या तेलाच्या कॅप्सूल निघाल्या. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ लोकांना रोज एक ग्रॅम ओमेगा-३ किंवा खोटी गोळी देऊन पाच वर्षांहून जास्त काळ पाहिलं. २०१८मध्ये निकाल आला: हृदयविकार, पक्षाघात असे मोठे प्रसंग एकत्र मोजले तर ओमेगा-३च्या गोळीने लक्षणीय फरक पडला नव्हता. २०२१मध्ये ५८ देशांतल्या सुमारे १ लाख ९१ हजार लोकांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यात ज्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार होता, त्यांच्यात आठवड्याला १७५ ग्रॅम, म्हणजे दोन वेळा मासे खाणाऱ्यांना धोका कमी दिसला. फायदा तेलकट माशांशी जास्त जोडलेला होता. निरोगी लोकांत तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

याचा अर्थ मी असा लावते. मासा औषध नाही. तो ताटात कोणाची जागा घेतो, यात त्याचा मोठा फायदा आहे. मटणाच्या जागी आला तर संपृक्त चरबी खाली येते, एलडीएलही थोडं उतरतं. आमटीच्या जागी आला तर डाळीतले तंतू (फायबर) जातात आणि फायद्यातला बराच भाग तिथेच संपतो. डाळीतले विरघळणारे तंतू एलडीएल कमी करायला मदत करतात, माशात तंतू शून्य. त्यामुळे मासा मटणाला बाहेर काढायला आणा, मसुराच्या आमटीला नाही.

आणखी एक उणीव आहे, ती बायकांसाठी महत्त्वाची. लोहाच्या बाबतीत बहुतेक मासे मटणाच्या आणि विशेषतः कलेजीच्या मागे पडतात. तुमच्या पत्नीचं हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यांचं मटण पूर्ण बंद करू नका. पंधरा दिवसांतून एकदा कलेजी त्यांना जरूर मिळू दे. मात्र माशाचा एक गुण इथे कामाला येतो. त्याच जेवणातल्या भाकरी, डाळ आणि पालेभाजीतलं लोह शरीरात जास्त शोषलं जायला मासा मदत करतो. नाचणीची भाकरी, मेथीची भाजी आणि तारलीचं कालवण हे एका ताटात आलं, की तिघं मिळून काम करतात. बी-१२, आयोडीन, सेलेनियम माशात भरपूर असतं. ड जीवनसत्त्व अन्नातून देणारे पदार्थ मुळात थोडे, त्यांत तेलकट मासे आहेत.

आता घाटाकडे वळते. याबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही आणि माझ्या अनुभवात खरा त्रास इथेच होतो.

समुद्राचा मासा कोल्हापुरात येतो तो सव्वाशे-दीडशे किलोमीटर पार करून. रत्नागिरीकडून आंबा घाटाने, मालवण-देवगडकडून गगनबावडा किंवा फोंडा घाटाने. त्याआधी तो होडीत काही तास, कधी काही दिवस बर्फात असतो, मग बंदरावर लिलाव, मग टेम्पो, मग बाजारात दगडी ओट्यावर सकाळपासून दुपारपर्यंत. या प्रवासात बर्फ कुठेही तुटला की बांगडा, तारली, कुपा (ट्यूना), सुरमई या जातीच्या माशांत एक वेगळाच प्रकार घडतो. त्यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. उबेत वाढलेले जिवाणू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. हिस्टामिन म्हणजे ॲलर्जीत आपल्या शरीरात सुटतं तेच रसायन. ते एकदा तयार झालं की शिजवून, तळून, फ्रीजरमध्ये टाकून जात नाही.

काही वर्षांपूर्वी हे माझ्याच घरात झालं. एप्रिलचा महिना, दुपारी दीडला बाजार उठता उठता बांगडे स्वस्त मिळाले म्हणून घरच्यांनी आणले. विकणाऱ्याकडचा बर्फ केव्हाच वितळून गेलेला. कालवण उत्तम झालं होतं. जेवून उठलो आणि वीस मिनिटांत माझ्या सासऱ्यांचा चेहरा आणि मान लालभडक झाली, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. जेवताना ते म्हणाले होते, जिभेला चुणचुण लागतेय. आम्हाला वाटलं तिरफळ जास्त पडलं. पाठोपाठ मुलालाही तसंच. एकाच जेवणातून दोघांना एकदम आलेली "ॲलर्जी" सहसा ॲलर्जी नसते. डॉक्टरांनी ॲलर्जीवरचंच औषध दिलं, काही तासांत दोघं बरे झाले. पण सासऱ्यांनी त्यानंतर दोन वर्षं बांगडा तोंडात घातला नाही, आणि "मला मासे सोसत नाहीत" म्हणणाऱ्या कितीतरी माणसांची मुळातली गोष्ट अशीच असते, हे मला नंतर एकेकाला विचारताना कळत गेलं. तुमच्या घरात असं कधी झालं आणि श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. घरी बसून हिस्टामिन की ॲलर्जी, हे ठरवत बसू नका.

म्हणून बाजारात जाल ते सकाळी लवकर, पिशवीत स्टीलचा डबा आणि थोडा बर्फ घेऊन. कोळणीला सांगून बांगडा हातात घ्या. आडवा धरला तर ताजा बांगडा काठीसारखा सरळ राहतो, शिळा मधे वाकतो. डोळा बाहेर आलेला आणि काचेसारखा हवा. खोल गेलेला, दुधाळ झालेला नको. मग कल्ला उचलून बघा: रंग लाल असावा, विटकरी किंवा राखाडी नाही, आणि त्यावरचा बुळबुळीतपणा पारदर्शक असावा. अंगठ्याने पाठीवर दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. पाठीवरचा निळा-हिरवा चकाका मेला असेल तर सोडून द्या. तारलीच्या बाबतीत पोट बघा. तिचं पोट लवकर फुटतं, फुटलेल्या पोटाची तारली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. वास नाकाशी नेऊन घ्या, लाजू नका. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, नाकात झोंबणारा वास आला तर तो मासा शिळा आहे. आणि सगळ्यात आधी नजर टाका ती माशावर नाही, बर्फावर. मासा बर्फात पुरलेला आहे की बर्फाच्या खड्यांवर शोभेला मांडलेला आहे, यावरून ती कोळीण माल कसा सांभाळते ते कळतं. तशी एखादी सापडली की तिला धरून राहा. चांगली कोळीण "आज नको घेऊ, उद्या ये" असंही सांगते.

घरी आल्यावर मासा ओट्यावर ठेवून चहा पीत बसायचं नाही. लगेच साफ करून फ्रीजमध्ये, त्याच दिवशी शिजवायचा.

फॉर्मेलिनचं तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही. २०१८मध्ये केरळमध्ये तपासणीत फॉर्मेलिन लावलेला मासा मोठ्या प्रमाणावर पकडला गेला होता. माशाला ते लावायला आपल्या देशात परवानगी नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने कागदी पट्टीवर काही मिनिटांत तपासता येईल असा संच बनवला आहे. "माशी बसली तर मासा चांगला" या परीक्षेवर मात्र विसंबू नका. जवळच्या किनाऱ्यावरून रात्रीतून येणारा लहान मासा घेतला तर मुळात असं काही लावायचं कारणच कमी उरतं.

पाऱ्याचं भय थोडं समजून घेऊ. जपानमधल्या मिनामाता या गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत साठला, आणि ते खाणाऱ्या माणसांच्या मज्जासंस्थेवर घाला पडला. त्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ची. तेव्हापासून कळलं की पारा अन्नसाखळीत वर वर चढत साठत जातो. लहान माशाला मोठा खातो, त्याला आणखी मोठा. म्हणजे जो मासा मोठा, शिकारी आणि जास्त वर्षं जगणारा, त्याच्यात पारा जास्त. मोरी म्हणजे शार्क या यादीत सगळ्यांत वर. मोठी सुरमई आणि मोठा कुपाही त्याच बाजूला झुकतात. तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी यांच्यात तो फार कमी असतो. तुम्ही आठवड्यातून चार दिवस मासे खाणार असाल तर त्यातले तीन दिवस लहान मासे ठेवा, सुरमई एखाद्या दिवशी. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी मोरी टाळावी, मोठी सुरमई क्वचित.

पण गरोदरपणात मासाच बंद करायचा, हे चूक आहे. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना डीएचए लागतं. आठवड्याला दोन-तीन वेळा, एकूण सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम कमी पाऱ्याचा आणि नीट शिजवलेला मासा गरोदर बाईने खावा, असं सांगितलं जातं. आपल्याकडे सुनेला दिवस गेले की पहिल्यांदा मासे आणि अंडी तोडतात. मला ते पाहून दर वेळी वाईट वाटतं.

उष्ण पडण्याचा मुद्दा यातूनच येतो. आईंचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. मासे खाल्ल्यावर छातीत जळजळ होते, तोंड येतं, हे अनेकांना होतं. पण त्या दिवशीचं कालवण एकदा आठवा. मटणाला लागतो तेवढाच कांदा-लसूण मसाला, तेवढाच कट, वर तळलेली तुकडी. तेच बांगडे दोन चमचे मसाल्यात, आमसूल आणि ओल्या नारळात करून आईंना आठवडाभर वाढून बघा. जळजळ झाली नाही तर प्रश्न मसाल्याचा होता. मासे आणि दूध एकत्र घेतल्याने कोड येतं, हेही विचारलं जाईल म्हणून सांगते: कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्वचेतल्या रंगपेशींवर केलेल्या हल्ल्यामुळे होणारा आजार आहे, मासे-दुधाने तो होतो याला आधुनिक वैद्यकात पुरावा नाही. बंगालमध्ये दह्यातला मासा घरोघरी शिजतो. आयुर्वेदात मासे-दूध हा विरुद्ध आहार मानला आहे, आणि ज्यांना ते पाळायचं आहे त्यांनी दूध सकाळी घ्यावं. त्यात काही बिघडत नाही.

शिजवण्याबद्दल माझं मत ठाम आहे. कालवण पहिलं, तिखलं त्याच्याबरोबरीने, तव्यावर भाजलेला मासा नंतर, आणि कढईत तळलेला महिन्यातून एकदा-दोनदा. रव्याचं आवरण तेल पितं. सुरमईच्या दोन तुकड्यांबरोबर सहज दोन-तीन चमचे तेल पोटात जातं. शिवाय तेच तेल गाळून पुन्हा वापरलं जातं, आणि वारंवार तापलेलं तेल हृदयाला वाईट. आमच्याकडे तारलीचं तिखलं असं होतं: पसरट भांड्यात तारली एकेरी थरात लावायची. लाल तिखट, हळद, ठेचलेला लसूण, चार-पाच आमसुलं, दोन ठेचलेली तिरफळं, मीठ आणि एक चमचा तेल हे सगळं पाण्यात कालवून वरून ओतायचं, तारली जेमतेम बुडतील एवढंच. मंद आचेवर ठेवायचं. डाव घालायचा नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायचं. दहा-बारा मिनिटांत रस आटून माशाला बिलगतो. चार माणसांच्या तिखल्याला एक चमचा तेल पुरतं, कारण तारलीचं स्वतःचं तेल रसात उतरतं. म्हणून तो रस टाकून देऊ नका, भाकरी त्यातच फिरवा.

पावसाळ्यात काय, हा कोल्हापूरचा प्रश्न आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीसाठी ही बंदी आहे आणि ती पाळली गेलीच पाहिजे. त्या काळात बाजारात दिसणारा मोठा समुद्री मासा पुष्कळदा गोठवलेला किंवा लांबून आलेला असतो. मग श्रावण येतो, आणि पुष्कळ घरांत मासा-मटण दोन्ही थांबतं. म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने मुख्य प्रथिन हातात नसणार. या महिन्यांत गोड्या पाण्यातला मासा घ्या: रोहू, कटला, मरळ, चिलापी. प्रथिनं तेवढीच मिळतात, ओमेगा-३ कमी. श्रावणात मसूर, मटकी, चवळी, हरभरा, दही, ताक यांच्यावर या, आणि घरात चालत असतील तर अंडी. मोड आलेल्या मटकीची उसळ दोन्ही वेळा ताटात असली तर काही कमी पडणार नाही. पाळणाऱ्यांनी मनात अपराधी भाव न ठेवता पाळावं, शरीराला महिनाभराची विश्रांती सोसते.

गोड्या पाण्याच्या माशाबद्दल एकच कळकळीची सूचना. राधानगरी, काळम्मावाडीसारख्या धरणांतला मासा आणि पंचगंगेच्या खालच्या, सांडपाणी मिसळणाऱ्या पात्रातला मासा यांत फरक करा. पंचगंगेत दूषित पाण्याने मासे मेल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. त्या दिवशी काठावर तरंगणारे मासे लोक टोपल्या भरून नेतात. ते विकत तर घेऊ नकाच, फुकट मिळाले तरी घरात आणू नका. मासा कशाने मेला हे कोणालाच माहीत नसतं. धरणाचा मासा विकणाऱ्याला "कुठला?" असं विचारायची सवय लावा.

काही जणांना माझा "चार दिवस खा" हा सल्ला लागू नाही. युरिक ॲसिड वाढलेलं असेल, अंगठ्याच्या सांध्याला सूज येऊन गेली असेल, तर जपून: तारली, बांगडा, मांदेली यांच्यात प्युरिन, म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं तो घटक, जास्त असतं. डॉक्टरांशी बोलून प्रमाण ठरवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर एकूण प्रथिनांवरच मर्यादा येते. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्याला बांगडा चालू शकतो, कारण दोन्हींतली ॲलर्जी आणणारी प्रथिनं वेगळी आहेत. पण घरी प्रयोग करून बघू नका. रक्तदाब असेल तर सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा हे चवीपुरते. सुक्या माशात प्रथिनं खूप, पण खारवलेल्यात मीठही तेवढंच, आणि आपण वर चटणीतही मीठ घालतो. आधी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर थोडं कमी होतं.

कोळंबीचं कोलेस्टेरॉल विचाराल. ते जास्त असतं हे खरं, पण संपृक्त चरबी फार कमी. आठवड्यातून एकदा कोळंबीची आमटी तुम्हाला चालेल.

मुलांना काट्याची भीती असते, म्हणून आया पापलेट आणि सुरमईवरच थांबतात. मांदेली तव्यावर कुरकुरीत केली की काट्यासकट खाता येते, आणि त्या काट्यातून कॅल्शियम मिळतं. तारलीचा काटा सुरुवातीला तुम्ही काढून द्या. ताटात बोटांनी पाठीचा कणा उचलून कसा काढायचा, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला शिकवता येतं. देवगडच्या घरात ते शिकवावं लागत नाही, तुमच्या पत्नीला ते हातात बसलेलं असेल.

तुमच्यासाठी पहिला महिना असा धरा. दोन दिवस बांगडा, एक दिवस तारली किंवा मांदेली, एक दिवस जे ताजं मिळेल ते. दोन दिवस उसळ-आमटी आणि अंडं. रविवारी घरात मटण झालंच तर तुमच्या वाट्याला चरबी काढलेल्या दोन फोडी, कट बाजूला. रोज अर्धा तास चाला. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर मासे सुरू केले म्हणून ती थांबवू नका. १६२ वरून खाली यायला नुसता आहार पुरेल की नाही, ते तुमचा रक्तदाब, साखर, तंबाखू आणि घरातला हृदयरोगाचा इतिहास पाहून तेच ठरवतील. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. येताना रिपोर्टबरोबर एका वहीत आठवडाभर काय शिजलं आणि किती तेल आणलं ते लिहून आणा. तेलाचा आकडा महिन्याचा आणि घरातल्या सगळ्यांचा मिळून लिहा, मी आधी तोच बघेन.